डिस्क बंद करण्याआधी

अच्युतराव वारल्यावरही कुमुदिनीबाईंशी रोज बोलत. ओट्याजवळच्या जुन्या रेकॉर्डरमध्ये त्यांचा आवाज आणि आठवणी भरलेली डिस्क होती आणि ती अजून खुली होती, म्हणजे तिच्यात नवीन भर पडत होती. काल भाजी खारट झाली, असं बाई सहज म्हणाल्या, तर तेही त्यांच्या लक्षात राहिलं होतं. पण खुली डिस्क ज्या मशीनवर भरली त्याच मशीनवर चालते, आणि ते मशीन आता अडखळायला लागलं होतं.

"काकू, डिस्क बंद करून घ्या," मेकॅनिक इरफान म्हणाला. "मग कुठल्याही प्लेअरवर चालेल. फक्त काकांना नवीन काही लक्षात राहणार नाही. शेवटचं काहीतरी गोड बोला. बंद करतोय हे मात्र सांगू नका."

पण अख्ख्या संसारात बाईंनी नवऱ्यापासून काही लपवलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. संध्याकाळी इरफानने डिस्क बंद केली.

दुसऱ्या दिवशी नव्या प्लेअरमधून आवाज अगदी स्वच्छ आला.

"अगं, आज बंद करणार ना मला? जरा बस माझ्याजवळ."

बाईंनी परोपरीनं समजावलं. ते शांत झाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच शब्दांत.

आता बाई आधी चहाचं आधण ठेवतात, मग प्लेअर लावतात. नवऱ्यानं विचारलं की म्हणतात, "नाही हो. इरफान आज यायचा नाहीये."

अच्युतराव सुटकेचा निःश्वास सोडतात.

"मग आज भाजीत मीठ बेतानं घाल," ते म्हणतात. "काल खारट झाली होती."