उरलेले चार धडे

"ताई, आपण नव्या प्लॅटफॉर्मवर जातोय ना, तर अर्धवट राहिलेले कोर्स तिकडे जातच नाहीत," ऑनलाइन कोर्सच्या हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली. "तुमच्या मिस्टरांचा 'नवजात बाळाची काळजी' सातव्या धड्यावर अडलाय. शुक्रवारी त्यांची सगळी नोंद पुसली जाईल. चारच धडे राहिलेत, उरकून टाका म्हणावं. आळशीच दिसतायत!"

"सांगते," ती म्हणाली. नवरा जाऊन पाच महिने झाले होते, हे काही तिने सांगितलं नाही.

दोन महिन्यांच्या लेकीला मांडीवर थोपटत तिने त्याच्या नावाने उरलेले धडे पाहिले. आंघोळ, ताप, लसी, रडणं. शेवटच्या चाचणीआधी स्क्रीनवर प्रश्न आला: बाळाशी तुमचं नातं?

झोपलेल्या लेकीकडे एकदा बघून तिने 'वडील'वर बोट ठेवलं.