लेन्सची डबी

"डोळा हलला तर बघ!" दवाखान्यात डोळ्यांचे फोटो काढणाऱ्या आईने दटावलं. आज यंत्रासमोर तिचीच पोर बसली होती आणि पोरीच्या लालबुंद डोळ्याची पापणी तिने अंगठ्याने उचलून धरली होती. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा केसाहून पातळ एकेक थर स्क्रीनवर उलगडू लागला, आणि तिसऱ्या थरात पांढरे गोल ठिपके चमकले. "नळाच्या पाण्यातला जंतू आहे हा," मागून डॉक्टर पोरीवर कडाडले. "लेन्स नळाखाली धुतेस ना?" "शपथ, कधीच नाही! आईने पहिल्याच दिवशी बजावलंय." "खोटं बोलू नकोस, डोळा जाईल!" रविवारी साफसफाई करताना लेन्सची बुळबुळीत डबी बघून आईलाच राहवलं नव्हतं. भांड्यांबरोबर नळाखाली घासून, पाणी झटकून तिने ती जागेवर ठेवली होती. "आई," पोर कुजबुजली, "मी नाही, तुझा हात हलतोय."