काचेची पट्टी

उल्हासनगरच्या चार मजली इमारतीत धर्मराज यांच्या घरातल्या भिंतीला तडा गेला, तेव्हा इंजिनीअरने तड्यावर काचेची एक आडवी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लाल पेनाने तारीख लिहिली.

"भिंत सरकली तर ही काच तडकेल. तसं झालं की लगेच फोन करा, काका. मग सगळ्यांना बिल्डिंग खाली करावी लागेल."

अठराव्या दिवशी काच तडकली. धर्मराजनी फोन हातात घेतला आणि परत ठेवून दिला. मुलगी तेजल पुढच्याच आठवड्यात बाळंतपणाला यायची होती, तिला घेऊन जायचं कुठे? त्यांनी कॅम्प तीन भागातल्या फोटोफ्रेमवाल्याकडून तेवढीच पट्टी कापून आणली, फुटलेल्या पट्टीच्या जागी चिकटवली आणि तीच तारीख हुबेहूब लिहिली. त्यानंतर मात्र वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली, तरी ते दचकून भिंतीकडे बघत.

रविवारी इंजिनीअर आला. त्याने काच निरखून पाहिली, बोटाने चाचपली.

"एवढीशीही हालचाल नाही, काका. बिनघोर राहा," असं म्हणत त्याने तसं कागदावर लिहूनही दिलं.

धर्मराजनी तो कागद दोनदा वाचला. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच तेजलला फोन लावला.



"बिनधास्त ये, बाळा. आपलं घर एकदम मजबूत आहे, इंजिनीअरने लेखी दिलंय."