ओळीच्या शेवटी

बाबांनी 'चहा' टाइप केलं. लॅपटॉप गप्प. 'खिडकी', 'औषध', 'उशी'. छे. घशाचं ऑपरेशन व्हायच्या आधी हे सगळे शब्द त्यांनी स्वतःच्या आवाजात भरून ठेवले होते. आता गळ्यात आवाज उरला नव्हता. होता तो या लॅपटॉपमध्ये, आणि तो काही केल्या बाहेर येईना.

धाकटी लेक आपली स्क्रिप्ट, म्हणजे यासाठी लिहिलेला छोटा प्रोग्राम, पुन्हा पुन्हा वाचत होती. काम सरळ होतं. टाइप केलेला शब्द दादाने ऑफिसातून टाइप करून पाठवलेल्या, ओळीला एक शब्द अशा यादीत शोधायचा, ओळ तंतोतंत जुळली की त्या शब्दाचं रेकॉर्डिंग वाजवायचं. तिने दादाला फोन लावला.

"माझ्यावर ढकलू नकोस हां. एकेक वेलांटी तपासून दिलीये."

"वेलांट्या ठीक आहेत रे. जुळत काहीच नाही."

बाबांनी पाटी ओढून लिहिलं, 'राहू दे गं. मुक्यानेही निभेल.' आणि तिच्याकडे न बघता, चिडून, 'पुरे' टाइप केलं.

"पुरे," बाबांचा आवाज म्हणाला. खरखरीत, दमलेला, त्यांचाच.

"ऐकलंस?" धाकटीने फोनमध्ये विचारलं.

"तो शेवटचा शब्द," फोनवर दादा हळू बोलला. "भरून भरून कंटाळले आणि पुरे म्हणाले. मी तेही लिहून घेतलं."

शेवटचा! धाकटीने यादी एडिटरमध्ये उघडून त्याला लपलेल्या खुणा दाखवायला लावल्या. दादाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर ओळ संपवायला दोन खुणा वापरत होता, हिचा एकच. ती जादाची खूण प्रत्येक शब्दाला चिकटली होती: ^M, टोपी घातलेला एक एम, एरवी डोळ्यांना न दिसणारा. यादीतला 'चहा' म्हणजे चहा आणि वर शेपूट. 'पुरे'नंतर मात्र दादाने एंटर दाबलंच नव्हतं, म्हणून तेवढा एक शब्द बिनशेपटीचा राहिला होता.

शोधण्याआधी शेपटं छाटणारी एक ओळ तिने स्क्रिप्टमध्ये घातली. लॅपटॉप बाबांपुढे सरकवला. "आता बोला काय बोलायचं ते."

आई तेवढ्यात गच्चीवरून कपडे घेऊन आली आणि आतल्या खोलीत घड्या घालायला बसली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

बाबांनी लॅपटॉप आणखी जवळ ओढला. मग दोनच अक्षरं.

"अगं."

"आले हो, एवढ्या घड्या घालते," आतून आई म्हणाली.

मग आत एकदम शांत झालं. ती दारात आली तेव्हा तिच्या हातात अर्धवट घडीचा सदरा होता, आणि ती बाबांच्या ओठांकडे बघत होती.