शामलाचे उपवास

बुधवारी दुपारी चंपतराव रेल्वे डाकेच्या ऑफिसात पत्रं गावांनुसार वेगळी करत होते, तेव्हा शेजारचे मनोहरराव सायकलवरून आले. चंपतरावांची बायको शामला ज्या रिक्षात बसली होती, तिला ट्रकनं धडक दिली होती. दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली होती.

तिचं सामान दवाखान्यातून पिशवीत मिळालं. चपला, घराची किल्ली आणि प्रेमिलाचा डबा. पोरगी शाळेत जाताना डबा घरीच विसरली होती. तोच पोचवायला शामला निघाली होती. डबा एका बाजूनं चेपला होता, झाकण मात्र बंदच होतं.

"सकाळपासून पोटात काही नव्हतं तिच्या," मनोहररावांच्या पत्नी यमुताई रडत म्हणाल्या. "मी चहा देऊन राहिली होती, तर म्हणे आज उपास हाय."

शामलाचे उपवास महाल भागातल्या त्यांच्या साऱ्या गल्लीला माहीत होते. एका आठवड्यात सोमवार, पुढच्यात मंगळवार, कधी लागून दोन दिवस. चंपतराव तिची थट्टा करायचे.

"तुह्या देवाले वार-गिर समजत नाही का वं?"

"माह्या देवाची मर्जी," ती हसून म्हणायची. उपवास सोडायच्या आधी पोरीला समोर बसवून वाढायची. मगच स्वतःचं पान घ्यायची.

तेरवी झाली. चंपतरावांची बहीण तुळसाबाई घर सांभाळायला राहिली. थोड्याच दिवसांनी प्रेमिला तिला म्हणाली, "आत्या, आईचे उपास आता मी चालवीन."

तुळसाबाईनं ते गल्लीभर सांगितलं. पंधरा वर्षांची पोर, पण आईचं पुण्य सांभाळून राहिली. बायका येऊन प्रेमिलाच्या डोक्यावरून हात फिरवू लागल्या. चंपतरावांनाही बरं वाटलं.

प्रेमिलानं आईची एक बांगडी मागून घेतली होती. बसल्या बसल्या ती बांगडी मनगटावरून वर सरकवून पाहायची. "आईची आठवण येते तिले," तुळसाबाई म्हणायची. आधी बांगडी कोपराखालीच अडायची. पुढे ती दंडावर चढू लागली.

"पहिले कशी भोपळ्यावानी होती," एकदा भाजी निवडताना तुळसाबाई म्हणाली. "शाळेतल्या पोरी ढोली म्हणत इले. आता पाहा, उपासानं कसं रूप आलं!"

आई गेल्यापासून प्रेमिला पहिल्यांदाच हसली.

एका सकाळी ती नळावर चक्कर येऊन पडली. चंपतरावांनी तिला उचलून घरात आणलं. डाकेच्या थैल्या उचलायची सवय होती त्यांना. पोरीचं वजन त्यांना जाणवलंच नाही. त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी तपासून एवढंच सांगितलं, "हिला आधी जेवू घाला. उशीर करू नका."

चंपतरावांनी स्वतः वरणभात कालवला.

"उपास हाय, बाबा. आईचा हाय. मोडता येत नाही."

"काल होता, परवा होता. आजबी काहून?"

"आईचे असेच राहत."

मेलेल्या बाईचा उपवास मोडायला घरात कोणी धजेना. तुळसाबाईनं तर कानावर हात ठेवले. पण या घरातून आणखी एक माणूस जाऊ द्यायचं नाही, हे चंपतरावांनी ठरवलं होतं. ते देवळातल्या गुरुजींकडे गेले.

"उद्यापन करा," गुरुजी म्हणाले. "व्रत उजवलं की उपवास संपला."

"मंग पोरीले जेवता येईल?"

"येईल काय, जेवावंच लागेल. पहिलं पान तिचं."

चंपतराव परतताना वाटेतच पुरणाची डाळ घेऊन आले.

ठरल्या दिवशी स्वयंपाक झाला. मनोहरराव आणि यमुताई जेवायला आले. पाट मांडले, पानं वाढली. देवापुढे नैवेद्याचं ताट ठेवलं. तो दाखवल्याशिवाय कोणी घास घेणार नव्हतं. गुरुजींनी पळीभर पाणी हातात घेतलं आणि थांबले.

"व्रत कोणत्या देवाचं होतं?"

"महादेवाचं असंल," तुळसाबाई म्हणाली. "सोमवार करे ना वहिनी."

"देवीचं होतं," यमुताई म्हणाल्या. "मंगळवारीबी करे ते."

"बुधवार कोणाचा मंग?" मनोहररावांनी विचारलं. कोणाला सांगता येईना.

चंपतरावांनी प्रेमिलाकडे पाहिलं. ती मान खाली घालून दंडावरची बांगडी फिरवत होती.

"सांग वं बाई. आई तुले बोलली असंल."

"देवाचं नव्हतं," प्रेमिला म्हणाली.

"मंग?"

"मी नाही जेवली का आई म्हणे, मंग आज माहाबी उपास. मी खाल्लं का मंगच सोडे."

गुरुजींच्या हातातलं पाणी ताम्हनात सांडलं.

"त्या बुधवारी मी डबा विसरली नव्हती, बाबा."

चंपतराव उठले. देवापुढचं नैवेद्याचं ताट त्यांनी उचललं आणि प्रेमिलासमोर ठेवलं. मग ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले. सगळी पानं वाढलेली होती. पुरणावरचं तूप थिजत आलं तरी कोणी हात लावला नाही.

शामलाचा बुधवारचा उपवास अजून सुटायचा होता.