सहावा तास

"सहावा तास उडवूया," सर म्हणाले आणि पडद्यावरच्या आलेखातला मधला खांब त्यांनी पुसून टाकला. जर्नलवाल्यांना पानं कमी हवी होती. चौथ्या तासानंतर थेट आठवा दाखवला तरी वाचकाचं काही अडणार नव्हतं.

नळ्या धुणाऱ्या घड्याळबाईंचे हात थांबले. हे नाव प्रयोगशाळेतल्या पोरांनी ठेवलेलं, कारण बाईंच्या नोंदीत मिनिटाची चूक सापडायची नाही. पेपरवर मात्र त्यांचं ना हे नाव होतं, ना खरं.

प्रयोग सरांचा, राबणं बाईंचं. प्रथिनं बनवायचे निरोप कोरड्या बीमध्ये आधीच लिहून ठेवलेले असतात. पाणी लागलं की बी ठरवतं, त्यातला कोणता वाचायचा आणि कोणता तसाच ठेवायचा. ते पकडायला बाई पाणी घातल्यापासून दर दोन तासांनी भिजलेल्या बिया उचलून द्रव नायट्रोजनमध्ये टाकायच्या. बी जिथल्या तिथे गोठायचं.

गेल्या वर्षी प्रयोगाच्या दिवशी पाचव्या तासाला दवाखान्यातून दादाचा फोन आला होता. बाबांचं काही खरं नाही, तुझंच नाव घेतायत, लगेच निघ. बाई पर्स घेऊन सरांपुढे उभ्या राहिल्या, सगळं सांगितलं. सर म्हणाले, बी नेमकं आत्ताच पवित्रा बदलतं. सहावा तास हुकला तर वर्षभराची मेहनत पाण्यात. तासाभराचाच तर प्रश्न आहे, ताई.

बाई थांबल्या. बिया गोठवल्या, कुपीवर वेळ लिहिली, तीन वाजून दहा. दवाखाना दहा मिनिटांवर होता. बाबा तीनला गेले होते, तोवर दाराकडे बघत होते म्हणे. तेव्हापासून दादा बाईंशी कामापुरतंच बोलतो.

बाईंनी मनाची समजूत घातली होती, की तो तास वाया तरी गेला नाही. त्या एवढ्याच आधारावर वर्ष काढलं होतं.

"आणि ताई, फ्रीजरमधल्या त्या सहाव्या तासाच्या कुप्याही टाकून द्या. जागा तरी होईल."

बाईंनी ओले हात पदराला पुसले. फ्रीजरकडे जाता जाता त्या सरांच्या खुर्चीमागे थांबल्या.

"सर, म्हणजे त्या दिवशी मी गेले असते तरी चाललं असतं?"

सरांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"कुठे?"