उघडा मोमो

आणखी एक पारी माझ्या हातात फाटली आणि कोबी-गाजराचं सारण ओट्यावर सांडलं. "अहो, मोदकासारख्याच कळ्या पाडायच्या," खुर्चीतून शोभना म्हणाली. अर्धांगवायूनंतर तिचा उजवा हात शालीखाली निजूनच असायचा. दर शनिवारी मोमो करणारा तोच हात.

शेवटी मी हात टेकले. सारण आलं-लसणावर परतलं, त्यातच उकडलेल्या नूडल्स आणि सोया सॉस घातला. स्वयंपाकघर वाफेनं भरलं. खिडकी, ओटा, ती, सगळंच धुक्यात गेल्यासारखं झालं.

वाडग्यातला पहिला घास मी तिला भरवला. तिनं डोळे मिटले. "चव तीच आहे," ती झोपेत बोलावं तशी म्हणाली, "फक्त मोमो उघडा राहिलाय."

"मग तूच मिटून दाखव!" मी चिडून म्हणालो आणि लगेच जीभ चावली.

ती मिटल्या डोळ्यांनीच हसली. तिच्या मांडीवरचा नॅपकिन हलला. शालीतून बाहेर आलेली उजव्या हाताची दोन बोटं कापड चिमटीत धरून कळी पाडत होती. वेडीवाकडी, सावकाश, पण कळीच.

मी वाडगा खाली ठेवला आणि पुन्हा मैदा भिजवायला घेतला.